गळका बंब

बंब गळायला लागला तेव्हा घरात तीन मतं झाली. पोरगा म्हणाला, भंगारात घाला, तांब्याला चांगला भाव आहे. बायको म्हणाली, गिझर बसून सहा वर्षं झाली, हे धूड कशाला न्हाणीचा कोपरा अडवून बसलंय. आई काहीच म्हणाली नाही. तिनं बंबाखाली परात सरकवली. रात्रभर परातीत थेंब वाजत होता. ती जागी होती, मीही जागा होतो.

आई आता शहाऐंशीची. गिझरचं पाणी तिला पाणीच वाटत नाही. "नुसतं ऊन हाय, त्याला धग न्हाई," म्हणते. थंडीत तिच्यासाठी बंब पेटायचा, म्हणून तो इतकी वर्षं घरात टिकला.

बंब म्हणजे काय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगावं लागेल. कमरेएवढं उभं तांब्याचं पिंप. त्याच्या पोटातून वरपासून खालपर्यंत आरपार गेलेला तांब्याचाच नळा. नळ्याच्या बुडाशी लोखंडी जाळी. विस्तव नळ्यात, पाणी नळ्याच्या भोवती. वरून चिपाडं, गोवऱ्या, ढलप्या टाकायच्या, राख जाळीतून खाली पडते. बाजूला पितळी तोटी. एवढंच यंत्र. आगगाडीच्या जुन्या इंजिनाचा बॉयलरसुद्धा मुळात असाच. तिथं नळ्या शेकड्यांनी असायच्या आणि वाफ कोंडलेली असायची, फरक तेवढा. हे मला बानं सांगितलं. बा रेल्वेच्या लोकोशेडात बॉयलरवर होता. १९५४ ला खलाशी म्हणून लागला, १९९२ ला खलाशी म्हणूनच सुटला. मध्य रेल्वेवरचं एक जंक्शन. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते कुठल्याही जंक्शनला लागू पडेल.

बंब बानं १९५८ साली जुन्या बाजारातून आणला. निम्मा पगार त्यात गेला. डोक्यावर घेऊन आला तेव्हा वस्तीतली पोरं मागं मागं धावत आली, असं आई सांगते. बंबाच्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं आहे. मूळ मालकाचं. आडनाव वाचलं की जात कळते. आईनं ते चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, विटकरीनं घासलं. तांबं झिजलं पण नाव गेलं नाही. पाहुणे यायचे, न्हाणीत जायचे आणि बाहेर येऊन बाला विचारायचे, "काय राव, कुणाचा उचलून आणला?" बा हसायचा. मला मात्र लहानपणी त्या नावाची लाज वाटायची. आंघोळ करताना मी त्या बाजूला पाठ करून बसायचो.

तांब्याचं भांडं आपल्या घरात असणं ही साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची हकिकत आहे. नोव्हेंबर १९३५. अस्पृश्यांतल्या बऱ्या परिस्थितीतल्या काही बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. पाणी त्यांचं नव्हतं, भांडीही त्यांची नव्हती. बायांच्या डोक्यावर मडक्याऐवजी धातू दिसला एवढंच झालं होतं. आम्ही अभ्यासवर्गात हा उतारा वाचायचो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर न्हाणीतला बंब यायचा. बानं तो डोक्यावरून, भर बाजारातून, दिवसाउजेडी आणला होता. मधे फक्त तेवीस वर्षं गेली होती.

बंब पहिल्यांदा गळला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. बानं तो तांबटाकडे नेला. तांबटानं काम नाही म्हटलं नाही. पण बंब उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला, त्यावर पाणी शिंपडलं, मग आत घेतला. पैसे दगडावर ठेवायला सांगितले. बा म्हणायचा, "बंब आगीत घालनारच हुता, तरी त्याला पानी लागलं." काम चाललं होतं तोवर बा रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला. दोन तास. घरी आल्यावर आईला म्हणाला, "आता परत न्यायची गरज न्हाई." त्यानं सगळं बघून घेतलं होतं.

सांध्याला लावतात त्या धातूला पुस्तकात डाख म्हणतात. आमच्याकडे डागच म्हणत. बंबाला डाग दिला, बादलीला डाग दिला. मराठीच्या तासाला मास्तरांनी डाग म्हणजे कलंक असा अर्थ सांगितला. मी हात वर करून म्हणालो, गुरुजी, डागानं भोक बुजतं. वर्ग हसला.

तो डाग मी घालवला. १९७२ चा दुष्काळ. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, तेही धड नाही. आंघोळी बंदच होत्या. एके दिवशी पाणी आलं. आई म्हणाली, बंब पेटव. मला वाटलं तिनं भरलाय, तिला वाटलं मी भरेन. मी आपल्या ढलप्या टाकल्या आणि जाळ केला. थोड्या वेळानं नळ्याच्या बुडातून राखेत चांदीसारखे मणी टपटप पडायला लागले. मला गंमत वाटली. मी ते काडीनं गोळा करत बसलो. बा पाळीवरून आला आणि माझ्या हातातले मणी बघून जागीच बसला.

मारलं नाही. त्यानं मला शेजारी बसवलं आणि समजावलं. पाणी कितीही उकळलं तरी शंभर डिग्रीच्या वर फारसं जात नाही. कथील-शिशाचा डाग वितळायला एकशेऐंशीच्या वर धग लागते. पाठीमागं पाणी असलं की ते धग ओढून घेतं, सांधा तेवढा तापतच नाही. पाणी गेलं की तोच विस्तव, तोच सांधा, आणि डाग लोण्यासारखा जातो. बाला डिग्र्या माहीत नव्हत्या, त्या मी नंतर पुस्तकात वाचल्या. तो म्हणाला, "पानी हाय तवर डाग. पानी गेलं की डाग बी गेला." मग इंजिनाचं सांगितलं. फायरबॉक्सच्या छतात शिशाचा गट्टू बसवलेला असतो, लेड प्लग म्हणतात. बॉयलरमधलं पाणी त्या छताच्या खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ सुटून विस्तवावर पडते, सगळ्यांना कळतं. डब्ल्यूजी इंजिनात दोनशे दहा पौंडाची वाफ. ते छत उघडं पडून फाटलं तर ड्रायव्हर, फायरमन, कुणी उरत नाही. तेवढं भय बा रोज बघत होता. माझे मणी त्यापुढं काहीच नव्हते.

पण डागाला कथील आणायला पैसे नव्हते. तेव्हा आजीनं तिची पत्र्याची पेटी उघडली.

आजी १९२७ साली सतरा-अठरा वर्षांची होती. त्या साली डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता ते टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. हातातले कथलाचे गोठ, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या. आजी महाडला गेलेली नव्हती. आमचं गाव घाटावर. मुंबईहून आलेल्या माणसांनी वस्तीत हे सांगितलं आणि चार-सहा महिन्यांत बायांनी गोठ उतरवले. कुणी विकले, कुणी विहिरीत टाकले. आजीनं दोन्ही गोठ फडक्यात बांधून ठेवले. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

त्यातला एक तिनं बाच्या हातात दिला. "कथील हाय. हुतंय का बघ." बानं सुरीनं खरवडून बघितलं, दातानं चावून बघितलं. लोखंडी पळीत ठेवून चुलीवर धरला. गोठ आधी घामेजल्यासारखा झाला, मग एकदम बसला. पळीत आरशासारखं पाणी. आजी वाकून बघत होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मनगटावर होता तो. बाजारातलं थोडं शिसं त्यात घातलं. शेडातल्या शिशाला बानं हात लावला नाही. शेडात आपल्या माणसाची पिशवी आधी तपासतात हे त्याला ठाऊक होतं.

बाचं शेडातलं काम सांगतो. इंजिन आलं की विस्तव काढायचा, वाफ सोडायची, पाणी काढायचं, बॉयलर धुवायचा. आमच्याकडचं पाणी जड, नळ्यांवर क्षाराचे थर बसतात. मग गळकी नळी शोधायची. त्यासाठी फायरबॉक्समध्ये शिरावं लागतं. कोळसा टाकायचं जे भोक, त्यातूनच माणूस आत जातो. फायरबॉक्स पुरता निवायची वाट कुणी बघत नसे, गाडीला इंजिन पाहिजे असे. डोक्याला ओलं पोतं बांधून बा आत जायचा. एक्स्पांडर नळीच्या तोंडात घालून फिरवायचा म्हणजे नळी फुगून पत्र्यात घट्ट बसते. नळी फारच गेली असेल तर दोन्ही तोंडांना गट्टू ठोकून ती बंदच करायची. मिस्त्री बाहेर उभा. बा आतून ओरडून सांगायचा, तिसऱ्या ओळीतली पाचवी. मिस्त्री वहीत लिहायचा. वहीत बाचं नाव नसे.

एकदा त्याला मिस्त्रीच्या जागेसाठी ट्रेड टेस्टला बोलावलं. हातकाम त्यानं सगळ्यांच्या आधी केलं. मग साहेबानं विचारलं, लेड प्लग कशासाठी? बानं मला सांगितलं तेच साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, लिहून दे. बाला सही येत होती, तेवढीच. ती जागा ज्याला मिळाली त्याला एक्स्पांडर धरायला बानंच शिकवलं होतं. त्या रात्री बा जेवला आणि मला म्हणाला, "तू लिव्हायला शीक." मी शिकलो. कचेरीत कारकून झालो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची टिपणं लिहिली.

१२ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं बाबासाहेब तिथं म्हणाले. हे आपण सगळे भाषणात वापरतो, मीही पुष्कळ वापरलंय. पण त्याच भाषणात ते रेल्वेच्या वर्कशॉपविषयी बोलले. आपला माणूस तिथं मिस्त्री क्वचितच होतो, फोरमन तर त्याहून नाही, हमाल म्हणून लागतो आणि शेवटपर्यंत हमालच राहतो, असा त्याचा आशय. हा भाग मी स्टेजवरून कधी ऐकला नाही. मी स्वतःही कधी सांगितला नाही. १९३८ ला बा चार वर्षांचा होता.

आता बंबाकडे येतो. आमचा भाचा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे, कंत्राटी. हा बॉयलर कोळशाचा नाही. लाकडाचा भुसा, सोयाबीनची काडं, असलं काहीबाही दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, पेलेट म्हणतात, त्यावर चालतो. वर हौदात कांड्या ओतायच्या, खाली मळसूत्र फिरतं, ते कांड्या आत ढकलतं. बाकी आत नळ्या आणि पाणी, आहे तेच. कायद्यानं दाखलेवाला माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. १९२३ पासूनचा कायदा, २०२५ ला नवा झाला. कारखान्यात दाखलेवाला आहे. सही करतो आणि जातो. रात्रीच्या पाळीला भाचा एकटा.

एका रात्री त्याला राख ओली लागली. आधी वाटलं कांड्याच दमट आल्या असतील. मग चिमणीतून पांढरं दिसायला लागलं आणि काचेतलं पाणी पंप चालू असून खाली खाली यायला लागलं. नळी फुटली होती. त्यानं सुपरवायझरला फोन केला. उत्तर आलं, पहाटेपर्यंत रेट, माल निघू दे. भाच्यानं थोडा वेळ काचेकडं बघितलं आणि मळसूत्र बंद केलं. कांड्या थांबल्या, आग बसली. आतलं निवेपर्यंत पाणी चालू ठेवलं. सकाळी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

सकाळी तो आमच्याकडं आला तो थेट न्हाणीत गेला हात धुवायला. बंबाखालची परात बघितली. म्हणाला, "मामा, हितं बी तेच?"

मग काय, तो रिकामा आणि मी पेन्शनर. बंब अंगणात काढला.

पहिल्या दिवशी भोक शोधलं. बंब पाणी भरून ठेवला आणि बाहेरून, नळ्यातून सगळीकडं कोरडी राख चोळली. गळत असेल तिथं राख काळी पडते. नळ्याच्या बुडाशी, जिथं नळा तळाच्या पत्र्याला मिळतो, तिथं बोटभर काळी रेघ उमटली. एकच. आम्ही खूश झालो. भाचा म्हणाला, दुपारपर्यंत होईल.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपण केलं. म्हटलं, डाग धरायला तांबं स्वच्छ पाहिजे, आतून क्षार बसलाय तोही काढू. दोन किलो जुनी चिंच कालवून बंबात भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी बंबातून शेवाळी पाणी आणि वाटीवाटीएवढे पापुद्रे निघाले. परत पाणी भरलं, राख लावली. सहा ठिकाणी काळं. तोटीच्या मुळाशी, तळाला दोन, नळ्यावर तीन. इतकी वर्षं बंब क्षारानंच बुजवून ठेवला होता. भाचा कपाळाला हात लावून बसला. "मामा, चिंच घातली नसती तर एक भोक हुतं." मी म्हटलं, भोकं सहाच होती, आपल्याला एक दिसत होतं. तो म्हणाला, हे तुमचं भाषण झालं, आता डाग कोण देणार?

खरंच कोण देणार? तांबटाच्या दुकानात गेलो. त्याच जागी नातू बसतो, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि टाक्या विकतो. आजोबांची हत्यारं कधीच भंगारात गेली म्हणाला. हे काम आता गावात कुणाला येत नाही. नवसागराचा एक खडा त्याच्या फडताळात पडला होता तो त्यानं फुकट दिला, चहा मागवला, बरोबर बसवून पाजला. आणि चहा पिता पिता आडनाव विचारलंच. काम गेलंय, ती सवय आहे.

भाच्यानं रेडिओ दुरुस्तीची डागाची तार आणि विजेची सळई आणली. लावून बघितली. डाग बाजरीच्या दाण्यासारखा गोळा होऊन घरंगळला. बंबाचा पत्रा मोठा, तांबं धग चटकन पसरवतं, ती एवढीशी सळई त्याला काय पुरणार? मग फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून गॅसची बत्ती आणली. ती भलतीच. एक भोक बुजवायला जाळ धरला तर शेजारचा बाचा जुना डाग सुटायला लागला. भाच्यानं बत्ती बंद केली. दोघंही बघत बसलो.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "शेजारच्या सांध्याला वलं फडकं गुंडाळा की. तुजा बा गुंडाळायचा."

मला हे आठवत नव्हतं. मी तेव्हा बाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. ती चुलीपाशी होती. तिला पुढचंही सगळं आठवत होतं. आधी पूर्ण वाळवा, सांध्यात पाणी राहिलं की डाग धरत नाही, फुरफुरतो. पॉलिश कागदानं घासून तांबं लालगुलाबी करा. नवसागर आधी, मग धग, मग कथील. कथील जाळाला लावायचं नाही, तापलेल्या तांब्याला टेकवायचं, ते आपण होऊन धावतं. मी चाळीस वर्षं सभेत बोलतोय, आणि घरात हे माणूस ओट्यावर बसून होतं.

कथील. बाजारात नुसतं कथील चटकन मिळेना. शिसं घातलेलं मला नको होतं. शिसं विषारी, बा-आजीच्या वेळी आम्हाला त्याची कल्पना नव्हती. बंबाचं पाणी कुणी पीत नव्हतं, पण पोरं तोंडात घ्यायची. आई उठली आणि आत जाऊन आजीची पत्र्याची पेटी घेऊन आली. फडक्यात दुसरा गोठ.

मी नको म्हटलं. म्हटलं, हा ठेवायचा. १९२७ ची खूण आहे. कुठल्या संग्रहालयात देऊ, जयंतीच्या प्रदर्शनात काचेत ठेवू, खाली चिठ्ठी लावू. मी खरंच असं बोललो, चिठ्ठीवरचा मजकूरसुद्धा डोक्यात तयार झाला होता. आई म्हणाली, "काचत ठिवून त्येची पूजा मांडायची हाय का? सासूनं उतरवला त्यो परत कुनी बघायला न्हाई उतरवला." मी म्हटलं, अगं पण इतिहास आहे. ती म्हणाली, "मग लिवून ठेव. तुला लिव्हायला शिकीवलंय."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. त्यानं पळी घेतली.

गोठ तसाच घामेजला आणि तसाच एकदम बसला. भाच्यानं बत्ती लांबून धरली, ओली फडकी गुंडाळली, नवसागराचा पांढरा धूर झाला, डोळे चुरचुरले. पहिला डाग फसला. दुसरा धरला. तांब्याच्या सांध्यातून कथील सरसर आत ओढलं गेलं आणि चांदीची एक रेघ उमटली. भाचा नुसता "आयला" म्हणाला. तोटीच्या मुळाला ताग आणि सफेदा. नळ्यावरचं एक भोक मोठं होतं, पत्रा कागदासारखा झाला होता, तिथं तांब्याचं ठिगळ, दोन रिवेट आणि वरून डाग. सहा भोकांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत भाचा मला विचारत होता आणि मी आठवेल तसं सांगत होतो, फायरबॉक्समध्ये बा काय करायचा, नळी कशी ओळखायचा, लेड प्लग कुठं असायचा. एके दिवशी मी वही घेऊन बसलो. भाच्याला बॉयलरच्या दाखल्याची परीक्षा द्यायची आहे. अर्ज भरायचाय, अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देणार कोण, तर ज्यांनी त्याला येऊ नको म्हटलं तेच. ती खटपट चालू आहे. तोंडी परीक्षा असते म्हणतात. मी त्याला रोज विचारतो, काचेतलं पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करशील? तो सांगतो. मग मी म्हणतो, आता लिहून दे.

आठव्या दिवशी कंत्राटदाराचा फोन आला. नळी बदलली होती, पण रात्रपाळीला बसायला माणूस मिळत नव्हता. ये म्हणाला. आठ दिवसांच्या पगाराचं विचारलं तर म्हणाला, कसला पगार? आमच्यातल्या दोघांनी जाऊन बोलायचं ठरवलंय. भाचा म्हणतो आधी मला प्रमाणपत्र घेऊ द्या, मग भांडा. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला कळवा. मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

जाताना त्यानं कारखान्यातल्या कांड्यांची एक थैली आणून दिली होती, फुटलेल्या, फेकायच्या. रविवारी पहाटे बंबात पाणी काठोकाठ भरलं, दोनदा हात घालून बघितलं, आणि मूठ-मूठ कांड्या टाकल्या. जळतात चांगल्या, धूर कमी, पण त्यांचा खंगर जाळीवर धरतो, सळईनं पाडावा लागतो. मी खाली वाकून नळ्याचं बूड बघत होतो. पाच सांधे कोरडे. तोटीच्या मुळाशी एक थेंब भरत होता, पडत नव्हता. बायको चहा घेऊन आली, तीही वाकली. पोरगा झोपला होता.

आई न्हाणीत गेली. तोटी सोडल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, "पानी लई कडक झालंय रं. इसवण आन."